दोन विहिणी, दोन एसी आणि एक जनरेटर

प्रिय सई आणि अनय,

रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत, की सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या तुमच्या त्या चाकांवरच्या घरात दोन एसी आहेत, पण बरोबरच्या जनरेटरवर एकच चालतो आणि दुसरा लावला की सगळंच बंद पडतं. मी काही विचारणार तोच अनय म्हणाला, "आजी, तुला नाही कळायचं ते." त्यावर मागून तुमचा बाबा इतक्या मोठ्याने हसला की मला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला. तो का हसला, हे त्याने तुम्हाला अजून सांगितलेलं दिसत नाही. त्याने सांगण्याआधी मीच लिहिते. सिल्वासाला आम्ही गेलो तेव्हा तो परीक्षेमुळे आला नव्हता. त्यामुळे त्याच्याकडची हकिकत ऐकीव आहे, आणि म्हणून जास्त रंगीत.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि तुमचे आजोबा नुकतेच निवृत्त झाले होते. निवृत्त इंजिनिअर दिवसभर घरात असला की काय होतं, ते मी पाहिलं आहे. त्यांनी घरातले सगळे नळ आणि सगळ्या बिजागऱ्या दुरुस्त केल्या. त्यातल्या बऱ्याच बिघडलेल्या नव्हत्या, त्या दुरुस्तीनंतर बिघडल्या. मग एके दिवशी ते लिलावातून एक बस घेऊन आले. एक औषध कंपनी ती बस गावोगाव फिरवून डॉक्टरांना आपल्या गोळ्या दाखवत असे. डॉक्टरमंडळींनी घाम न पुसता गोळ्या बघाव्यात म्हणून आत प्लायवूडची भिंत घालून दोन खोल्या केल्या होत्या, आणि प्रत्येक खोलीच्या खिडकीत एकेक एसी बसवला होता. आजोबांनी खोल्यांत बाकं टाकली, मी पडदे शिवले, आणि ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत आम्ही एकाच वेळी प्रसिद्ध आणि अप्रिय झालो.

सुशीलावन्सं म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. त्या सिल्वासाच्या मराठी शाळेत शिकवत. यजमान तिथल्याच सरकारी कचेरीत होते, ते काही वर्षांपूर्वी गेले होते. त्यांची मुलगी वंदना मसाटच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिथेच प्रकाश सुपरवायझर होता. हा खानदेशातला, दोंडाईचाजवळच्या खेड्यातला. त्या काळात सिल्वासाच्या कारखान्यांत खानदेशची पुष्कळ मुलं आली होती. दोघांचं जमलं, घरच्यांनी हो म्हटलं, मे महिन्यात लग्न ठरलं.

एकच अडचण होती. प्रकाशला दोन आया होत्या. जन्म दिला धाकटीने, पण शाळेसाठी तो लहानपणापासून राहिला थोरल्या काकूकडे, आणि तिला स्वतःचं मूल नव्हतं. या दोन जावा एकमेकींशी कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. का, याची तीन वेगवेगळी कारणं मी ऐकली आणि तिन्ही मला पुरेशी वाटली नाहीत. प्रकाशने मात्र स्पष्ट सांगितलं होतं, "दोघी आया मांडवात असतील तरच मी उभा राहणार." एकीला जरा कमी-जास्त झालं तर ती उठून जाईल, आणि ती गेली की लग्न थांबेल, या काळजीने वन्संची झोप उडाली होती. साड्या एकाच ठाणाच्या, नारळ एकाच आकाराचे, असं सगळं त्या जमवत होत्या. पण मे महिन्यात त्या दोघींना उतरवायचं कुठे?

"वन्सं, तुम्ही अजिबात काळजी करू नका," मी फोनवर म्हणाले. "मी दोन एसी खोल्या घेऊन येते. अगदी एकसारख्या."

फोन ठेवल्यावर आजोबा म्हणाले, "अगं, तिथे लाईटचा भरवसा नाही."

"मग जनरेटर घ्या," मी म्हणाले. जसा काही कोथिंबिरीची जुडीच आणायला सांगत होते.

जनरेटर आला. त्याच्या पुस्तिकेवर 'पोर्टेबल' असं छापलं होतं आणि वर उचलण्यासाठी एक कडी होती. तो बसमध्ये चढवायला सोसायटीतली सगळी तरुण मंडळी लागली. तो पेट्रोलवर सुरू होई आणि मग रॉकेलवर (म्हणजे केरोसीनवर) चाले. कोणी शेजारी उभं राहून बोललं तर त्याचे फक्त ओठ हलताना दिसत.

पहाटे ठाण्याहून निघालो. बस चालवायला महमूदभाई होते. स्वभावाने फार शांत. मी दर वळणावर "सावकाश" म्हणत होते आणि ते दर वेळी "हो ताई" म्हणून होते त्याच वेगाने जात होते. मनोरच्या पुढे एका चिंचेखाली थांबून आजोबांनी जनरेटरची परीक्षा घेतली. त्यांनी पुढचा एसी लावला. जनरेटर दबला, घरघरला, मग सावरला. तो सावरल्यावर थोडं थांबून मागचा लावला. पुन्हा तसंच. मग दोन्ही चालू राहिले.

"बघ," आजोबा ओरडून म्हणाले, "एकामागून एक. सुरू होताना त्याला जास्त ताकद लागते. एकदा चालू पडला की कमी. दोन्ही एकदम लावायचे नाहीत. आणि बंद पडला तर लगेच पुन्हा लावायचा नाही, आतला दाब उतरू द्यायचा."

हे तुम्हीही लक्षात ठेवा. मला पुस्तिकेचं ते पान पाठ होतं, म्हणून मी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही.

तलासरीला रस्त्याकडेला बायका ताडगोळे (ताडाच्या फळातले मऊ, पाणीदार गर) घेऊन बसल्या होत्या. आम्ही पोटभर खाल्ले. मी हात स्वच्छ धुऊन सुरीने सोलायला गेले, तर एक गोळा उडून महमूदभाईंच्या खिशात गेला. ते शांतपणे म्हणाले, "शुक्रिया ताई," आणि त्यांनी तो खाल्ला.

सिल्वासाला जाताना मध्ये गुजरातची पट्टी लागते. भिलाडच्या नाक्यावर पोलिसाने बस थांबवली आणि दोन एसी, फुलाफुलांचे पडदे असं सगळं निरखून विचारलं, "शूटिंग छे, साहेब?"

आजोबा थट्टेने म्हणाले, "हो."

"हीरोइन क्यां छे?"

आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पोलिसाने माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही न विचारता फाटक उघडलं.

नरोली मागे टाकून दमणगंगेचा पूल ओलांडला की सिल्वासा. उन्हाळ्यात नदी खडकांतून बारीक वाहत होती. कौलारू घरं, पोर्तुगीजांच्या वेळचं पांढरं चर्च, बारच्या लांबलचक पाट्या, आणि त्यांच्यामधून सुताच्या रिळांनी भरलेले ट्रक जात होते. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या वारली बायका रस्त्याच्या कडेने एका रांगेत चालल्या होत्या. आमची बस बघून त्यांतली एक थांबली, तिने मागच्या बाईला काहीतरी सांगितलं आणि सगळी रांग हसली. मी आतून हात हलवला. आमचं कौतुक चाललं आहे, अशी माझी समजूत होती.

वन्संचं घर शाळेच्या मागे होतं. पुढे अंगण, अंगणात आंबा, आंब्याखाली मांडव घालायचं काम चाललेलं. वन्सं धावत बाहेर आल्या. "वहिनी, केवढं हे धूड! आता मांडव कुठे घालायचा?"

मांडववाला बसभोवती एक फेरी मारून आला. "बेन, आ बस छे के बंगलो?" असं म्हणून त्याने निमूटपणे मांडवाचे दोन खांब शेजाऱ्यांच्या अंगणात हलवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वऱ्हाड आलं. दोंडाईचाहून आगगाडीने आणि वापीपासून टेम्पोने. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एकाच माणसाची चांगली जागा होती. तिथे एक ट्रंक बसली होती. दोघी जावा मागे, सामानावर, एकमेकींकडे पाठ करून बसून आल्या होत्या. ती ट्रंक बघितल्यावर मला कळायला हवं होतं. पण मला आनंदच झाला. म्हटलं, आता माझ्या व्यवस्थेची यांना खरी किंमत कळेल.

थोरल्यांना पुढची खोली दिली आणि धाकट्यांना, म्हणजे प्रकाशच्या जन्मदात्या आईला, मागची. एकाच कापडाचे पडदे, एकसारखे तांबे, एकसारखे हातपंखे. दोघी आपापल्या बाकावर, लुगड्याचे पदर सावरून, घाम पुसत बसल्या. लाईट नव्हती. आजोबांनी दोरी ओढून जनरेटर सुरू केला.

"आता एकामागून एक," ते म्हणाले.

मी विचारलं, "कोणाचा आधी?"

दारात उभ्या असलेल्या वन्संच्या तोंडावरचा रंग उडाला. आतल्या दोघींना सगळं ऐकू जात होतं, आणि दोघींचे हातपंखे एकाच वेळी थांबले. जिची हवा आधी गार होईल तिचा मान मोठा, हे तिथे कोणी बोललं नाही, पण जनरेटर सोडला तर सगळ्यांना समजलं होतं.

अशा वेळी मला नेहमी काहीतरी सुचतं. "दोन्ही एकदम लावू या," मी म्हणाले.

"अगं, दोन्ही एकदम—"

"अहो, एका क्षणाचा तर प्रश्न आहे."

पुढच्या बटणापाशी मी उभी राहिले, मागच्यापाशी महमूदभाईंना उभं केलं, आणि शाळेच्या संचलनासारखी मोठ्याने ओरडले, "एक, दोन, तीन!" जनरेटरने एक हुंदका दिला आणि तो मेला.

"थोडं थांबू या," आजोबा म्हणाले.

पण उन्हात बसलेल्या विहिणींना थांबा म्हणायचं? मी लगेच पुन्हा आकडे मोजले. पुन्हा हुंदका. महमूदभाई म्हणाले, "ताई, मशीन नाराज आहे." मी तिसऱ्यांदा मोजले. या वेळी मागच्या खोलीतून टक असा आवाज आला, मग जळका वास, आणि त्या वासापाठोपाठ पदर नाकाला लावलेल्या धाकट्या विहीणबाई खाली उतरल्या.

आजोबांनी मागचा एसी उघडून पाहिला. "हा गेला," ते म्हणाले. मग त्यांनी एकटा पुढचा लावून बघितला. तो असा सुंदर चालू झाला, की त्या क्षणी मला त्याचा मनापासून राग आला.

"बरोबर आहे," धाकट्या आपली पिशवी घेऊन ओट्याच्या एका टोकाला बसत म्हणाल्या. "आम्ही मागचेच. आमले सवय आहे."

हे ऐकून थोरल्याही खाली आल्या. "मले नको असला गारवा. लोकं म्हणतील, हिनंच मागून घेतला." त्या ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. "प्रकाशले सांगा, संध्याकाळच्या टेम्पोनं मी वापीले जाते."

"मीबी जाते," धाकट्या म्हणाल्या. जायचं यावर दोघींचं एकमत होतं, फक्त एका टेम्पोने नाही.

प्रकाश कारखान्यातल्या मित्रांना घेऊन आला, तर समोर हे दृश्य. तो एकदा एकीपाशी गेला, एकदा दुसरीपाशी, आणि शेवटी मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसला. "मामी, टेन्शन नका घेऊ," तो मला म्हणाला. स्वतःचा चेहरा तर असा, की बघवत नव्हता. "पण एक पण आई गेली ना, तर मी कसा उभा राहू?" आत वंदनाला हळद लागली होती. तिने खिडकीतून सगळं ऐकलं होतं. वन्सं चुलीपाशी नुसत्याच उभ्या होत्या. त्यांच्या पोरीचं लग्न मोडायला आलं होतं, आणि ते मी मोडत होते, एकसारख्या पडद्यांसकट.

मला वाटलं, नीट समजावून सांगितलं तर शहाणी माणसं समजून घेतात. मी पुस्तिका हातात घेतली आणि ओट्यासमोर, दोघींच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिले.

"हे बघा, विहीणबाई," मी म्हणाले, "यात कोणाचाही अपमान नाही. एसी सुरू होताना त्याला एकदम जास्त वीज लागते. म्हणजे समजा, बैलगाडी. उभी गाडी हलवताना बैलांना जोर लावावा लागतो. एकदा चाक फिरलं की—"

"ह्या बाई मास्तरीण आहेत का?" थोरल्यांनी विचारलं. त्या आंब्याकडे बघत होत्या, म्हणजे प्रश्न कोणालाच नव्हता.

मग धाकट्या, त्याही आंब्याकडेच बघत, म्हणाल्या, "नाही. मास्तरीण त्यांची नणंद. ह्या नुसत्याच शिकवतात."

मी ते न ऐकल्यासारखं केलं. "तर दोन गाड्या एकदम हलवायच्या म्हटल्यावर बैलांची—"

"बैल हाकलेत का कधी ह्यांनी?" थोरल्या आंब्याला म्हणाल्या.

"बैल कशाले? नवऱ्याले हाकतात की."

थोरल्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते.

मी दुखावले गेले होते, हे कबूल करते. ठाण्याहून दोन एसी आणून वर हे ऐकायचं? मी तोंड उघडणार, एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात वंदना दिसली. हळदीने माखलेला हात ती हवेत गोल गोल फिरवत होती, पिठलं ढवळतात तसा. चालू ठेवा, मामी, चालू ठेवा. तिच्यामागे वन्सं, दोन्ही हात जोडून. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की कित्येक वर्षांत या दोघींनी एकमेकींना उत्तर दिलं होतं ते आत्ता.

मग मी चालू ठेवलं. पुस्तिका उघडली आणि पहिल्या पानापासून इंग्रजीत वाचून मराठीत अर्थ सांगू लागले. तेल कधी बदलावं. हवेची जाळी कशी धुवावी. मशीन सपाट जागी का ठेवावं.

"काय आवाज करत होतं ते यंत्र! पिठाच्या गिरणीवानी," थोरल्या म्हणाल्या. आता त्या आंब्याकडे बघत नव्हत्या.

"गिरणीत निदान पीठ तरी पडतं."

"आपल्या गावची ती गिरणीवाली आठवते का? पट्टा तुटला की गिऱ्हाइकावर ओरडायची?"

"तीच व माय, तीच!" धाकट्या ओट्यावरून थोड्या सरकल्या. "अशीच उभी राहायची, कमरेवर हात ठेवून!"

माझा एक हात कमरेवर होता. मी दुसराही ठेवला. काजळी साफ करण्याचं प्रकरण मी सगळं वाचलं. माझ्या पडद्यांवर, माझ्या चष्म्यावर, 'एक दोन तीन' म्हणण्याच्या माझ्या पद्धतीवर त्यांचं बोलून झालं. त्यात मी मुद्दाम मूर्खपणा किती केला आणि स्वभावाने किती झाला, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. चहा आला तेव्हा दोघींच्या मध्ये एका माणसाचीही जागा उरली नव्हती. दोघींना दोघींनी एकाच वेळी कप द्यायचे, अशी माझी सक्त सूचना होती. पण एकच ताट आलं. धाकट्यांनी पहिला कप उचलला आणि थोरल्यांच्या हातात दिला. वापीचा टेम्पो आला आणि रिकामाच गेला. प्रकाश मांडवाच्या खांबापाशी तसाच बसून होता, आणि मित्रांना दिसू नये म्हणून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता.

पुढच्या खोलीतला एसी एवढा वेळ चालूच होता. पाहायला गेले तर वऱ्हाडातले सगळे वयस्कर पुरुष बाकांवर आणि बाकांखाली गाढ झोपलेले, आणि त्यांच्यामध्ये, माझी शाल पांघरून, तुमचे आजोबा. बहिणीवर एवढा प्रसंग आला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

संध्याकाळी सीमांतपूजन (लग्नाच्या आदल्या दिवशी वराकडच्यांचं स्वागत) झालं आणि सकाळी लग्न. अंतरपाट दूर झाला तेव्हा प्रकाशच्या एका बाजूला एक आई होती, दुसऱ्या बाजूला दुसरी. जेवणाच्या पंगतीत दोघी शेजारी बसल्या आणि मी वाढायला गेले की एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

परतताना भिलाडला तोच पोलीस होता. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे सिल्वासाहून येणाऱ्या प्रत्येक गाडीत दारू असते, असा तिथला नियमच समजा. त्याने बाकं उचलून पाहिली, पडद्यांमागे पाहिलं, आणि रॉकेलच्या डब्याला मोठ्या आशेने नाक लावलं. मग खोकत खाली उतरला आणि मला विचारलं, "पिक्चर पूरी थई गई?"

"झाली," मी म्हणाले.

ठाण्यापर्यंत आजोबा मागच्या एसीबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. मीही वळणांवर "सावकाश" म्हणाले नाही. महमूदभाईंनी दोनदा मागे वळून माझी तब्येत विचारली. मी विचार करत होते. दोन माणसांना सारखं माप देण्यासाठी मी पडद्याचं कापडसुद्धा मोजून आणलं होतं. त्या दोघींना मात्र माप नको होतं, हसायला कोणीतरी तिसरं हवं होतं. हे आधी माहीत असतं, तर मी एकटीच आगगाडीने गेले असते.

बस पुढे भंगारात गेली, दोन्ही एसी तिच्याबरोबर गेले. जनरेटर वन्संकडे राहिला होता, तोही एका पावसाळ्यात गंजून संपला. तुमचे आजोबा गेले, थोरल्या विहीणबाई गेल्या. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात धाकट्या त्यांच्या उशाशी होत्या. धाकट्या अजून आहेत, आता कमी ऐकू येतं. वंदना आणि प्रकाश सिल्वासातच आहेत. लग्न टिकलं आहे.